मूर्तिजापूरनंतरची अकरा मिनिटं

"झोपला होता तो, बाई. रोही-गिही काई नोता."

हे वाक्य जीपच्या मागच्या दारातून आलं. मी पुढच्या सीटखाली वाकून कॅमेऱ्याची वायर बसवत होते, त्यामुळे मी आत आहे हे मागच्या बायकांना दिसत नव्हतं. ड्रायव्हरच्या सीटवर बसलेले काका मात्र त्यांना स्वच्छ दिसत होते. तरी कुणी आवाज खाली आणला नाही.

"मंग गाडी वावरात कोनं नेली? रोह्यानं?" दुसरी म्हणाली आणि दोघी हसल्या.

काकांनी समोरचा आरसा थोडा डावीकडे वळवला, मग पुन्हा होता तसा केला. मागे शेवंतीचं गाठोडं धप्पकन पडलं, दार लागलं, आणि माझ्या आत्यानं खिडकीतून डोकं आत घातलं. "झालं का वं तुह्यं? फुलं सुकून राहिली."

ही जीप आठवड्यातून तीन दिवस आत्याच्या गावाहून अकोल्याला जायची. गाव चांदूर रेल्वेच्या रस्त्यावरचं. तिथल्या पाच बायकांनी मिळून फुलांचा गट केला होता. झेंडू, शेवंती आणि थोडा निशिगंध. अमरावतीच्या बाजारात आसपासच्या सगळ्याच गावांची फुलं उतरतात, म्हणून यांनी अकोल्यातले दोन हारवाले धरले होते. पहाटे निघायचं, फुलं स्वतः उभं राहून तोलून द्यायची, तिथेच डबे उघडायचे आणि दुपारी परत. जीप काकांची. ते माझे सख्खे काका नव्हेत. गावातली सगळी लहान मंडळी त्यांना काका म्हणते, म्हणून मीही म्हणायचे. म्हणायचे, म्हणजे मनात. पहिल्या चार फेऱ्यांत मी त्यांना हाक अशी मारलीच नाही.

दोन आठवड्यांपूर्वी, परत येताना, मूर्तिजापूर सोडल्यावर जीप रस्ता सोडून शेजारच्या तुरीच्या वावरात शिरली होती. कुणाला खरचटलंही नाही. तुरीची एक ओळ आडवी झाली आणि रिकाम्या टोपल्या सगळ्यांच्या डोक्यावर पडल्या. काका म्हणाले, रोही आडवा आला. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे तो खरंच कुठेही, कधीही आडवा येतो, म्हणून तो सोयीचाही असतो. गटाच्या अध्यक्ष काकूंना ते पटलं नव्हतं. त्या काकांच्या बरोबर मागे बसायच्या. "म्या माह्या डोयानं पाह्यलं, भाऊची मान पडली होती," असं त्या ज्याला त्याला सांगत होत्या. शेजारच्या गावातल्या एका गाडीवाल्यानं नुकतीच नवी गाडी घेतली होती. अकोल्याची फेरी त्याला द्यायची का, हे महिनाअखेरच्या रविवारी गटाच्या बैठकीत ठरणार होतं. काकांची बांधलेली अशी ही एकच फेरी होती. बाकीचं लग्नसराईत मिळेल ते.

माझा यात संबंध एवढाच, की मी अमरावतीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझा प्रोजेक्ट झोपेचा होता. गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर छोटा कॅमेरा लावायचा. पापण्या किती उघड्या आहेत, उघडझाप किती वेळानं होते, मिटलेला डोळा उघडायला किती वेळ लागतो, नजर रस्त्यावरून आरशाकडे आणि परत किती वेळा फिरते, हे सगळं मोजायचं. माणूस पेंगायला लागला तर यंत्रानं ओळखायचं, आणि जमलं तर पेंगायच्या आधीच सांगायचं. कॉलेजात मी हे मैत्रिणींवर करून पाहिलं होतं. त्या खुर्चीवर बसून गाडीचा खेळ खेळायच्या आणि जेवणानंतर खरोखर पेंगायच्या. यंत्र छान चालत होतं.

आत्यानं हे एकदा जेवताना ऐकलं. ताटावरचा हात तसाच ठेवून ती म्हणाली, "मंग आमच्या भाऊले लाव न थो क्यामेरा!"

मला वाटलं, काका चिडतील. ते उलट खूश झाले. "लाव, बेटा, लाव. दूध का दूध, पानी का पानी होऊन जाऊ दे." त्यांची एकच अट होती, खर्रा खाऊ द्यायचा. मी मान हलवली. नंतर कळलं, की तोंडाची हालचाल मोजणारा माझा सगळा भाग त्या अटीत गेला. सुपारी-तंबाखूचा तो खर्रा गालात सरकवला, की यंत्र जांभई मोजायचं. मूर्तिजापूरपर्यंत काकांनी इतक्या जांभया दिल्या, की मी तो भागच बंद करून टाकला.

पहिल्या दिवशी काका केस विंचरून, दुपट्ट्यानं तोंड पुसून बसले होते. यंत्राला आधी प्रत्येक माणसाचे डोळे शिकवावे लागतात. कुणाचे मुळातच बारीक असतात, कुणाचे मोठे. म्हणून गाडी सुरू व्हायच्या आधी एक मिनिट नुसतं समोर पाहायचं. तेवढ्यात यंत्र ठरवतं, की या माणसाचे जागे डोळे असे दिसतात. मी काकांना म्हणाले, "एक मिनिट कॅमेऱ्याकडे बघा." ते आमचं पहिलं संभाषण. त्यांनी बघितलं. मी मान खाली घालून स्क्रीनवरचे आकडे बघत राहिले.

जीप गावाबाहेर पडली आणि यंत्र कोकलायला लागलं. एकदा सुरू झालं ते थांबेना. काका मागच्या बायकांशी मिरच्यांच्या भावावरून भांडत होते, हातवारे करत होते, आणि यंत्राच्या मते ते गाढ झोपले होते.

"काय म्हनते थे?" आत्यानं विचारलं.

"झोपलेत म्हणतं," मी म्हणाले.

मागे एवढा हशा झाला, की काकांनी जीप हळू केली. "पाह्य! मशीनबी तेच म्हनून राहिली!" अध्यक्ष काकू टाळी देत म्हणाल्या. "आता काय म्हनतं, भाऊ?"

"मशीन झोपली असन," काका म्हणाले, पण ते हसले नाहीत.

बडनेरा येईपर्यंत सगळ्यांचे कान किटले. मी गजर बंद केला आणि कॅमेरा नुसता चित्रण करेल, आकडे लिहील, एवढंच ठेवलं. आकड्यांनी त्या फेरीत आणि पुढच्या दोन्ही फेऱ्यांत एकच सांगितलं. हा माणूस निघाल्यापासून परत येईपर्यंत अर्धवट झोपेत असतो. मला हे खोटं आहे हे दिसत होतं. मी शेजारीच बसलेली होते. पण खोटं का, हे सांगता येत नव्हतं, आणि नुसतं "खोटं आहे" म्हणायला तोंड उघडावं लागतं. मी वहीत इंग्रजीत लिहून ठेवलं आणि गप्प बसले. गावात मात्र चौथ्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं, की अमरावतीहून मशीन आली आणि मशीननं भाऊला पकडलं.

शेवटी घरी बसून मी चित्रणच पाहिलं, पहिल्यापासून. आकडे झाकून नुसता चेहरा. आणि पहिल्याच मिनिटात मला हसू फुटलं.

काका कॅमेऱ्याकडे बघत होते. ताठ बसून, छाती भरून, श्वास रोखून. डोळे एवढे ताणलेले, की बुबुळाभोवती सगळीकडून पांढरं दिसत होतं. पूर्ण मिनिटात त्यांनी पापणी एकदाही लवू दिली नाही. शेवटी शेवटी उजव्या डोळ्यातून पाणी गालावर आलं, तेही त्यांनी पुसलं नाही. मी पुढच्या दिवसाचं पहिलं मिनिट लावलं. तसंच. त्याच्या पुढचंही तसंच.

यंत्र बिचारं तेच शिकलं होतं. जागा माणूस म्हणजे असा. त्यानंतर काकांनी साधे डोळे केले, की यंत्राला ते अर्धे मिटलेले वाटत होते. शिवाय काकांचे डोळे मुळातच बारीक. आयुष्यभर उन्हात बघून बघून पापण्यांना तीच सवय लागलेली. कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणी दिवसभर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोरच असतात. त्यांना 'बघ' म्हटलं तर त्या नुसत्या बघतात. काकांसाठी कॅमेरा म्हणजे फोटो होता.

शुक्रवारी पहाटे मी त्यांना भीतभीत विचारलं, "तुम्ही इतके मोठे डोळे का करता?"

"म्हन्जे?" ते म्हणाले. "फोटोत डोये मिटले तं फारम वापस येते ना, बेटा. माह्यं एकडाव आलं. दोन चकरा झाल्या तालुक्याले. तिसऱ्या खेपेले म्या असे डोये केले," त्यांनी करून दाखवले, "का सायेब म्हने, आता मिटा, मले भेव वाटून राहिलं."

मग मी ठरवलं, की त्यांना कॅमेऱ्याकडे बघायला सांगायचंच नाही. बोलत ठेवायचं आणि ते विसरले, की बटण दाबायचं. यात अडचण अशी, की बोलत ठेवायला समोरच्यानं आधी काहीतरी बोलावं लागतं. आत्या मागे टोपल्या लावत होती. तिला बोलवावं का, असा विचार मी दोनदा केला. काका स्टिअरिंगवर बोटं वाजवत माझ्याकडे बघत होते. मला सुचलं ते मी विचारलं.

"तो रोही... केवढा होता?"

काका सीटवर माझ्याकडे पूर्ण वळले. पहिल्या वाक्यात रोही गाभण म्हशीएवढा होता. तिसऱ्या वाक्यात तो जीपच्या टपाला लागत होता. तो कुठून आला, कसा उभा राहिला, त्यानं काकांकडे कसं पाहिलं, काकांनी त्याच्याकडे कसं पाहिलं, मग दोघांच्या मनात काय आलं, हे सगळं झालं. मागून अध्यक्ष काकू ओरडल्या, "त्याचं लगनबी लावून दे आता!" मी बटण दाबून कधीच मोकळी झाले होते. एक मिनिट पुरे होतं, मला पाच मिळाली. ते साधे, बारीक, हसरे डोळे यंत्रानं शिकून घेतले.

त्या रात्री अमरावतीला परत आल्यावर मी आकडे उघडले. सकाळची फेरी लख्ख होती. जाताना अडीच तासांत काकांना एकदाही झोप आली नव्हती. अकोल्यात शिरेपर्यंत त्यांची नजर कशी सतत फिरत होती, तेही दिसत होतं. रस्ता, आरसा, रस्ता, आरसा. आरशात मागच्या बायका असत. कुणी काही बोललं, की काका आधी आरशात बघायचे आणि मग उत्तर द्यायचे. मी खुर्चीत बसल्या बसल्या खूश झाले. काका सुटले.

मग मी परतीचा भाग उघडला.

अकोल्यात काकांनी दोन भाकरी, वांग्याची भाजी आणि तांब्याभर ताक घेतलं होतं, ते मी पाहिलंच होतं. बोरगाव येईपर्यंत सगळं ठीक. मूर्तिजापूरच्या थोडं अलीकडे आरशाकडे जाणारी नजर कमी झाली. मूर्तिजापूर मागे पडलं आणि ती जवळजवळ थांबली. नजर रस्त्यावर एकाच जागी टेकली. पापण्या अजून उघड्या होत्या. कुणी नुसतं चेहऱ्याकडे पाहिलं असतं, तर माणूस लक्ष देऊन गाडी चालवतोय असंच वाटलं असतं. यंत्रानं मात्र तिथे खूण केली होती. झोप येण्याची शक्यता. त्यानंतर थोड्याच वेळात उघडझाप मंद झाली. डोळा मिटायचा आणि उघडायला उशीर करायचा. एकदा तर इतका उशीर, की मी घरात खुर्चीवर असूनही पाय समोर रोवले. मग काका एकदम मान झटकत, खिडकी खाली करत, स्वतःच्या गालावर चापट मारत, आणि दोन मिनिटांनी पुन्हा तेच. असं अकरा मिनिटं. नंतर एका ट्रकनं जोरात हॉर्न दिला आणि सगळं पहिल्यासारखं झालं.

म्हणजे रोही आला असेलही. पण तो आला नसता तरी जीप वावरात गेली असती.

मी ती अकरा मिनिटं पुन्हा लावली. या वेळी काकांचा चेहरा सोडून बाकीचं पाहिलं, कारण मला एक कळत नव्हतं. गाडीत सात माणसं. हे चालू असताना एकही हूं की चूं नाही, हे कसं? कॅमेऱ्यात काकांच्या खांद्यावरून मागची सीट दिसत होती. आत्या तोंड उघडं टाकून झोपलेली. तिच्या खांद्यावर दुसऱ्या बाईचं डोकं. अध्यक्ष काकू पदर तोंडावर ओढून अशा निवांत झोपल्या होत्या, की त्यांना काकांची मानच काय, जीपही दिसत नसणार. आरशात बघावं असं मागे कुणी जागंच नव्हतं.

आणि चित्राच्या उजव्या कडेला एक डोकं खिडकीच्या काचेवर आपटत होतं. निळी ओढणी, चष्मा नाकावरून घसरलेला, मांडीवर उघडी वही. मी तोपर्यंत शपथेवर सांगितलं असतं, की मी सबंध वाट काकांकडे बघत होते.

मी लॅपटॉप बंद केला. मग उघडला आणि पुन्हा पाहिलं. काच सातव्यांदा डोक्याला लागल्यावर मी कूस बदलली होती, पण उठले नव्हते.

शनिवारी जीप जात नव्हती. तो सगळा दिवस मी काय बोलायचं ते कागदावर लिहिण्यात घालवला. आधी इंग्रजीत लिहिलं, मग त्याचं मराठी केलं. ते एखाद्या नोटिशीसारखं झालं, म्हणून फाडलं. अर्धंच सांगितलं तर? सकाळ स्वच्छ आहे, यंत्राची चूक होती, संपलं. काकांची फेरी राहील. आणि सोमवारी दुपारी मूर्तिजापूर पुन्हा येईल. सगळं सांगितलं, तर फेरी जाईल, आणि नव्या गाडीवाल्यालाही जेवण झाल्यावर ताक मिळेलच.

रविवारी बैठक आत्याच्या अंगणात होती, हार करायला ज्या ताडपत्रीवर बसतात तिच्यावरच. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि ताडपत्रीच्या कडेला, चपला जवळ ठेवून, पाहुण्यासारखे बसले होते. मी अंगणात शिरताना त्यांनी मला हळूच विचारलं, "काय निघालं, बेटा?" मी काहीतरी पुटपुटले. "जे हाय थे सांग," ते म्हणाले. "माह्यासाठी खोटं नोको बोलू." मग थोडं थांबून, "पन हळूहळू सांग."

आत्यानं माझ्या पाठीत बोट खुपसलं. मी उभी राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती, बाकी सगळ्या बसूनच होत्या.

फोटोच्या डोळ्यांची गोष्ट सांगायला मला फारसं बोलावंही लागलं नाही. मी अर्धी सांगितली आणि काकांनी डोळे करून दाखवले. बायका हसून हसून एकमेकींवर पडल्या. मी म्हणाले, की पहिल्या तीन फेऱ्यांचे आकडे माझ्या चुकीमुळे खोटे आले. मशीननं काकांना पकडलं वगैरे जे गावात बोलतात, ते माझ्यामुळे झालं. एवढं बोलून मी खाली बसले. माझ्या मते ते पुष्कळ होतं.

अध्यक्ष काकूंनी डोळे पुसले. हसू ओसरल्यावर त्यांनी चष्मा नीट केला आणि थेट माझ्याकडे पाहिलं. "थे झालं सकायचं. वापस येतानाचं सांग. भाऊ झोपते का नाई झोपत? हो का नाई, येवढंच."

काका चपलेचा अंगठा सरळ करत होते. आत्या माझ्याकडे बघत होती. कागद मी घरीच विसरले होते. घरी आणि शाळेत बोलत आले ती भाषा या अंगणात उपयोगाची नव्हती, आणि लहानपणी सुट्ट्यांत आत्याकडे ऐकलेली दुसरी माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नव्हती. मी काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे.

"झोप येते त्यायले," मी म्हणाले. "मूर्तिजापूर सोडलं का अकरा मिनटं येते. पन तवा तुमी झोपल्या रायता, काकू. आत्याबी झोपते. अन् मी तं त्यायच्याकडे पाहाले बसली होती, मीबी झोपली होती, चित्रात दिसते. त्या गाडीत जागं राहाची कोशिश करनारे एकटे काकाच हाय. दुसऱ्याची गाडी लावली तं त्यालेबी तिथंच झोप येईन. जेवल्यावर मूर्तिजापूरच्या अलीकडे निंबाखाली गाडी लावू, अर्धा घंटा समदेच झोपू, मंग निघू."